गारगोटीच्या पोटात

सेमाडोहला उन्हाळ्यात सिपनेचं पाणी उतरलं, की काळ्या दगडांमधून पांढुरक्या गारगोट्या डोकावतात. सोबतच्या मुलांना मी म्हटलं, ही गारगोटीसुद्धा स्फटिकांचीच. मुलं हसली. ना कोपरा, ना पैलू! स्फटिक म्हणजे झुंबराचा लोलक, असं आपल्याही मनात असतंच. पण श्रोतेहो, लोलक ही बहुधा नुसती काच असते.

फरक आहे आतल्या मांडणीचा. आपल्या वऱ्हाडात कपाशी चौफुलीवर लावतात. डवरा उभा चालवा की आडवा, झाडं ओळीतच. स्फटिकात अणू असेच ओळीनं बसतात, फक्त तिथं ओळी खाली-वरही असतात. काचेत अणू फोकून पेरलेल्या बियांसारखे. गारगोटीत क्वार्ट्झचे डोळ्यांना न दिसणारे स्फटिक दाटीनं भरलेले असतात, म्हणून वरून पैलू दिसत नाहीत.

तिन्ही दिशांना अंतर सारखं आणि कोन काटकोनी, तर तो घनीय स्फटिक. आपलं मीठ तसं. दोन अंतरं सारखी, तिसरं वेगळं, तर चतुष्कोणीय. एक दिशा कललेली, तर एकनत, खडीसाखर त्यातली. अशी एकूण सात कुळं. बारकाईनं बोलायचं तर अंतरापेक्षा सममिती महत्त्वाची, म्हणजे किती फिरवल्यावर मांडणी पुन्हा जशीच्या तशी दिसते ते.

बाह्यरूप फसवतं कसं, याचा नमुना आपल्याच काळ्या दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे खनिजं वाढली. जळगाव, नाशिक, पुण्याकडे सापडणारा अपोफायलाइट त्यातलाच. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तो जरूर पाहा. काही खडे थेट ठोकळ्यासारखे, घनच वाटतात. पण नीट बघा: वरच्या-खालच्या बाजूंनाच मोत्यासारखी झाक, उरलेल्या चार बाजूंवर उभ्या रेघा. फुटतानाही त्याच्या आडव्या चकत्या निघतात. मीठ मात्र तिन्ही दिशांना सारखंच फुटतं. अपोफायलाइट आहे चतुष्कोणीय!

गंमत म्हणजे अशा मांडणीच्या 230 तऱ्हा फेदोरोव्ह आणि शोनफ्लिस यांनी 1891 च्या सुमारास निव्वळ गणितानं काढल्या. क्ष-किरणांनी स्फटिकाच्या आतली रचना उमगू लागली ती 1912 नंतर.

जत्रेत स्फटिकाची माळ म्हणून काचेचे मणी सर्रास खपतात. दोन पोलरॉइड चकत्या अंधार होईल अशा एकमेकींवर धरा आणि मधे मणी फिरवा. काच असेल तर बहुधा अंधारच राहतो, क्वार्ट्झ असेल तर उजळतो.

सेमाडोहच्या गारगोट्या मात्र तिथेच राहू द्या, ते व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे. भिंगाखाली धरायला घरचं खडेमीठ आहेच.