फूटभर ‘विक्रांत’, वीतभर ‘मिग’

दिवाळी आठ दिवसांवर आली की बेलवलीच्या गल्ल्यांतून आणि इमारतींच्या अंगणांतून मातीचे डोंगर उभे राहू लागतात. विटांचे तुकडे, जुनी पोती, लाल माती आणि वर पेरलेली मूठभर मोहरी, एवढ्या भांडवलावर आपली मुले रायगड बांधतात. किल्ला मोठा सुरेख होतो. पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेलच. महादरवाज्याशी भाला घेऊन उभा राहिलेला मावळा दरवाज्यापेक्षा दीड पट उंच असतो, आणि गडाखाली चरणारी गाय थेट बुरुजाशी बरोबरी करते! त्याला कोणी नावे ठेवीत नाही, ठेवूही नयेत. दिवाळीच्या किल्ल्यात सगळे चालते.

पण अशीही एक हौस आहे की जिच्यात हे मुळीच चालत नाही. तिथे मावळा दरवाज्यातून ताठ मानेने आत गेलाच पाहिजे. ती हौस म्हणजे खऱ्या जहाजांच्या आणि विमानांच्या मापशीर प्रतिकृती घरी बसून जोडण्याची. हल्ली तिचे सुटे भाग पेटीत घालून मिळतात; त्या पेटीला ‘किट’ म्हणतात. दिवाळीच्या सुटीत मुलांच्या हाताला काय काम द्यावे या विवंचनेत असलेल्या आईबापांनी या पेटीची ओळख जरूर करून घ्यावी.

कंगव्याच्या कारखान्यातले जहाज

या धंद्याचा जन्म मोठा गमतीचा आहे. हंगेरीहून इंग्लंडात आलेल्या निकोलस कोव्ह नावाच्या गृहस्थाने १९३९ साली ‘एअरफिक्स’ ही कंपनी काढली ती हवा भरून फुगवायची रबरी खेळणी करण्यासाठी. पुढे ती प्लॅस्टिकचे कंगवे करू लागली. मग तिने फ्रान्सिस ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचे प्लॅस्टिकचे सुटे भाग पिशवीत घालून वुलवर्थच्या दुकानांतून विकायला ठेवले. लगोलग ‘स्पिटफायर’ विमान आले आणि त्यानंतर घराघरांतली जेवणाची टेबले मोकळी राहिली नाहीत. तिकडे जपानात शिझुओका शहरातल्या चार कंपन्यांनी १९७१ मध्ये एकत्र येऊन युद्धनौकांची एक मालिकाच काढली. त्या जहाजांना पाण्याखालचा भाग ठेवलेलाच नाही. त्यामुळे जहाज टेबलावर ठेवले की समुद्रावर तरंगत असल्यासारखे दिसते!

आता या छंदाचे गणित. पेटीवर १/७२ असे लिहिलेले असते. म्हणजे खऱ्या विमानाचे बहात्तर इंच येथे एका इंचात बसवलेले असतात. बहात्तर इंच म्हणजे सहा फूट, म्हणून सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. हिशेब सोपा, म्हणूनच हे माप रूढ झाले. जहाजे मोठी असल्यामुळे त्यांना ते परवडत नाही. त्यांच्यासाठी १/३५० किंवा १/७०० अशी मापे धरतात. आपली जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ सुमारे सातशे फूट लांब होती. सातशेने भागा, ती एका फुटात येते! तिच्यावरची हजारावर माणसे त्या मापात अडीच मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ तिळाएवढी होतात. भागाकाराचा कंटाळा करणाऱ्या मुलाला हे एकदा करून दाखवा. पुढचे भागाकार ते आपण होऊन करील.

बेलवलीला जहाजांचे काय?

कोणी विचारील, समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्यांनी जहाजांचा ध्यास कशाला घ्यावा? बदलापूरपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर. पण बेलवलीजवळून वाहणारी आपली उल्हास नदी जाते कुठे ते पाहा. ती कल्याणला खाडीला मिळते. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि त्यानंतर एक-दोन वर्षांतच त्या खाडीत शिवाजी महाराजांची लढाऊ जहाजे बांधली जाऊ लागली. मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली ती आपल्याच नदीच्या पाण्यावर. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली, त्याच दिवशी नौदलाला नवे निशाण मिळाले. त्यावरची अष्टकोनी चौकट महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली आहे.

विमानांचेही तसेच. मलंगगडाच्या बाजूला नेवाळीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या जुन्या मंडळींना ती ठाऊक असते. त्या काळची विमाने आज तिथे दिसावयाची नाहीत. ती पाहावयाची तर कुणाच्या तरी घरातल्या फळीवर, १/७२ च्या मापात.

एक रात्र, एक तुकडा

पेटी उघडली की आत प्लॅस्टिकच्या चौकटी निघतात आणि त्यांना फांदीला कैऱ्या लगडाव्यात तसे भाग लगडलेले असतात. ते पिळून तोडू नयेत, बारीक कटरने कापावेत. कापल्या जागी राहिलेला खडबडीतपणा पॉलिशपेपरने घासावा. मग भाग न चिकटवता नुसते एकमेकांना लावून पाहावेत. ही पायरी उतावळी माणसे गाळतात, आणि मग दोन पंख दोन दिशांना पाहू लागतात.

या कामाचा डिंक कागदाच्या डिंकासारखा नसतो. तो प्लॅस्टिकची कड किंचित विरघळवतो आणि दोन तुकड्यांचा एक तुकडा करतो. म्हणून तो थेंबाने वापरावा. जास्त झाला तर पृष्ठभाग वितळून कायमचा डाग पडतो. त्याची वाफ चांगली नव्हे, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी. डिंक वाळेपर्यंत भाग धरून ठेवण्यास दोरीवरचे कपड्यांचे चिमटे उत्तम! फटी राहिल्या तर सुतार जशी लांबी भरतो तशी भरावी आणि पुन्हा घासावे. रंग पातळ करून दोन-तीन हातांत द्यावा, एकाच दाट हाताने बारीक रेघा बुजतात. आपल्याकडे पावसाळ्यात रंग वाळता वाळत नाही. खरा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंतचा.

विमानावरची चक्रे आणि आकडे पातळ कागदावर छापून आलेले असतात. ते अर्धा मिनिट पाण्यात भिजवले की कागदावरून सुटतात, मग बोटाने अलगद सरकवून जागी बसवावयाचे. आणि जहाजाच्या दोऱ्या? त्याची युक्ती तर अस्सल दिवाळीची आहे. भाग काढून घेतल्यावर उरलेल्या चौकटीची काडी पणतीच्या ज्योतीवर, ज्योतीला न लावता, गरम करावी आणि मऊ होताच दोन्ही टोके ओढावीत. केसासारखी तार निघते! हे काम मात्र वडील माणसाने करावे.

पहाटेची गाडी पकडून रात्री आठ-नऊला घरी येणाऱ्या चाकरमान्याला हे सारे कसे जमावे? जमते ते अशासाठी की हे काम घाईने करताच येत नाही. एका रात्री एक पंख, दुसऱ्या रात्री त्याचा रंग. अर्ध्या तासाहून अधिक बसूच नये. घरात सुरुवातीला “अहो, हा काय पसारा मांडलाय?” असे ऐकू येईल. त्यावर उपाय एकच, एक जुने ताट. सगळे काम त्या ताटात करावे आणि उठताना ताटासकट कपाटावर ठेवावे.

कोणत्या सालची ‘विक्रांत’?

येथवर झाली ती कारागिरी. खरी परीक्षा पुढेच आहे. समजा, तुम्ही ‘विक्रांत’ करावयास घेतली. पहिला प्रश्न उभा राहतो, कोणत्या सालची?

तिचा जन्म इंग्लंडात ‘हर्क्युलिस’ या नावाने झाला. १९४५ मध्ये ती पाण्यात सोडली गेली, पण युद्ध संपल्यामुळे काम अर्धवट राहिले. १९५७ साली ती भारताने घेतली, ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला ती ‘विक्रांत’ झाली आणि ३ नोव्हेंबर १९६१ रोजी मुंबईला आली. त्या वेळी तिचा डेक पुढच्या टोकापर्यंत सपाट होता आणि वाफेच्या यंत्राने विमाने फेकली जात. डिसेंबर १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरातून तिची ‘सी हॉक’ विमाने कॉक्स बाजार आणि चितगाववर गेली ती याच सपाट डेकवरून. पुढे ‘सी हॅरियर’ विमाने आली आणि १९८० नंतरच्या दशकात तिच्या नाकाशी डेकला चढ देण्यात आला, विमानाने धावत येऊन वर झेप घ्यावी म्हणून. तेव्हा चढाच्या डेकवर ‘सी हॉक’ मांडाल तर ती ‘विक्रांत’ कधीच समुद्रावर गेली नव्हती असे समजा!

विमानांतही तेच. दुकानात ‘नॅट’ची पेटी मिळाली तर आधी उघडून पाहावी. इंग्लंडच्या हवाई दलाने वापरले ते दोन माणसांचे शिकाऊ विमान. आपले, १९६५ आणि १९७१ साली लढलेले, एका माणसाचे. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या आकाशात निर्मलजित सिंग सेखों आपल्या विमानात एकटेच होते. परमवीरचक्र मिळालेल्या त्या वीराचे विमान दोन आसनांचे दाखवून कसे चालेल? मग पेटीतल्या विमानाचे नाक-मान कापून नव्याने घडवावी लागते, पुस्तके चाळावी लागतात, छायाचित्रे भिंगाखाली धरावी लागतात. बारा सेंटिमीटरच्या त्या पिटुकल्या विमानासाठी महिना जातो. परंतु त्या महिन्यात घरातल्या मुलाला सेखों कोण होते हे जे कळते, ते परीक्षेपुरते पाठ केलेल्या धड्यातून कळणारे नव्हे.

मोडीत निघालेली नौका

येथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. ३१ जानेवारी १९९७ रोजी ‘विक्रांत’ निवृत्त झाली. मुंबईच्या बंदरात ती संग्रहालय म्हणून उभी राहिली. पण जुन्या नौकेची निगा राखणे सोपे नसते. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ती लोकांना बंद झाली. २०१४ मध्ये लिलाव झाला आणि दारूखान्यात तिचे तुकडे पडले. तिच्या पोलादाचा काही अंश वापरलेल्या मोटारसायकली २०१६ मध्ये बाजारात आल्या. नाशिकजवळ ओझरला जी शेकड्यांनी बांधली गेली ती ‘मिग-२१’ विमानेही २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला अखेरचा निरोप घेऊन गेली. ती निदान चौकाचौकांत खांबावर चढून उभी तरी आहेत. ‘विक्रांत’च्या डेकवर मात्र आता कोणत्याच मुलाला पाय ठेवता येणार नाही.

सातशे फुटांची नौका सांभाळणे फार खर्चाचे होते. पण एक फुटाची नौका कोणतेही घर सांभाळू शकते, मात्र ती खरी असली पाहिजे. डेक कोठे संपतो, विमाने कोणती, साल कोणते, हे चोख असले तरच पुढे नातू विचारील तेव्हा आजोबांना त्या फळीकडे बोट दाखवता येईल. मूळ वस्तू उरलेली नसताना प्रतिकृती चुकीची केली, तर ती चूकच उद्या इतिहास म्हणून पाहिली जाईल. खेळण्यात आणि प्रतिकृतीत फरक आहे तो हाच.

खर्चाचे भय बाळगणाऱ्यांनी परदेशी पेटीवाचून अडून बसू नये. एके काळी अंबरनाथच्या विम्को कारखान्यात आगकाड्यांचे ढीग निघत. त्या काड्यांची गुले काढून, डिंकाने एकीला एक जोडून जहाजे करणारे हौशी जगभर आहेत. मराठ्यांचे गुराब किंवा गलबत करावयाचे तर पेटी सहसा हाती लागत नाही, तेथे काडी, कामटी आणि कापडच हवे. कॉलेजातल्या मुलांना एन. सी. सी.चा रस्ता मोकळा आहे. तिच्या नौदल शाखेत जहाजांच्या आणि हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती करावयास शिकवतात, त्यांच्या स्पर्धाही होतात. आणि एका माणसाची हौस कुठवर जाऊ शकते ते पाहावयाचे असेल तर पुण्याला कर्वे रस्त्यावर जा. भाऊ जोशी यांनी जन्मभर जमवलेल्या आणि घडवलेल्या छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय तेथे १ एप्रिल १९९८ पासून आहे. रूळ, सिग्नल, पूल, स्टेशन, सारे मापात!

पहिल्या खेपेला मोठे जहाज घेऊ नका. १/७२ च्या मापातले एक पंखांचे साधे विमान घ्या, चाळीस-पन्नास भागांचे. पहिले विमान थोडे तिरके होईल, रंग ओघळेल, वैमानिकाच्या नाकाला डिंक लागेल. ते टाकून देऊ नका. फळीच्या मागच्या बाजूला ठेवा. पाचवे विमान झाले म्हणजे मुलालाच ते काढून पाहावेसे वाटेल, आणि आपला हात किती सुधारला हे सांगायला दुसरे कोणी लागणार नाही.