विश्लेषण : ‘पंच, चष्मा लावा!’ मैदानावरची थट्टा कुठे संपते आणि दंड कुठे सुरू होतो?

गावच्या टेनिस बॉल स्पर्धेपासून आंतरराष्ट्रीय सामन्यापर्यंत खेळाडू आणि पंच यांच्यातील शाब्दिक चकमकी रंगतात. काहींवर मैदान हसते, तर काहींमुळे सामन्याच्या मानधनातून मोठी रक्कम कापली जाते. दोन्हींत फरक काय?

आष्टी : दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात, मराठवाड्यातील इतर तालुक्यांप्रमाणेच, गावोगावी टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धांचे फलक लागतात. चुन्याने आखलेली सीमारेषा, लाउडस्पीकरवर मराठी समालोचन आणि खिशात सहा खडे ठेवून चेंडू मोजणारा पंच. साध्या सामन्यात तर फलंदाजी करणाऱ्या संघातलाच एखादा गडी पंच म्हणून उभा राहतो. त्यामुळे ‘वाइड’चा प्रत्येक निर्णय म्हणजे वादाला निमंत्रण. ‘आवो पंच, चष्मा लावा की!’ असे गोलंदाज म्हणतो. ‘मग तू ये इथं उभा ऱ्हायला, मी टाकतो बॉल,’ असे ठरलेले उत्तर येते. मैदान हसते आणि खेळ पुढे सरकतो.

नेहमीच असे होते असे नाही. हेच वाक्य आवाज चढवून म्हटले की सामना थांबतो. दुसऱ्या दिवशी पंच म्हणून उभे राहायला कुणी तयार होत नाही. त्यामुळे पंचांशी बोलण्याची रीत हा केवळ गमतीचा विषय उरत नाही.

पंचांना प्रश्न विचारणे हा गुन्हा आहे का?

नाही. उलट क्रिकेटमध्ये बाद होण्याची प्रक्रियाच प्रश्नाने सुरू होते. मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या (एमसीसी) नियमावलीतील ३१व्या नियमानुसार क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने अपील केल्याशिवाय पंच फलंदाजाला बाद देऊ शकत नाहीत. ‘हाऊज दॅट?’ म्हणजे ‘हे कसे काय?’ असे विचारावेच लागते. म्हणजे पंचांशी बोलायला नियमाची हरकत नाही. हरकत आहे ती निर्णय आल्यानंतरच्या बोलण्याला, तेही त्यातून नाराजी किंवा अपमान व्यक्त होत असेल तर.

सुनील गावसकरांचे केस पंचांनी खरेच कापले होते?

होय. मैदानावरील सलोख्याचे हे बहुधा सर्वांत गाजलेले उदाहरण एका मुंबईकराच्या नावावर आहे. जून १९७४ मध्ये मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर भारत-इंग्लंड कसोटी सुरू होती. फलंदाजी करताना गावसकरांचे केस वाऱ्याने डोळ्यांवर येत होते. त्यांनी थेट पंच डिकी बर्ड यांनाच केस कापायची विनंती केली. चेंडूच्या शिवणीचे सुटलेले दोरे कापण्यासाठी बर्ड कात्री जवळ बाळगत. तीच त्यांनी गावसकरांच्या केसांवर चालवली. त्या सामन्यात गावसकरांनी १०१ आणि ५८ धावा केल्या.

बर्ड यांनी ६६ कसोटी सामन्यांत पंच म्हणून काम केले. १९९६ मध्ये लॉर्ड्सवर त्यांची अखेरची कसोटी झाली, तेव्हा भारत आणि इंग्लंडच्या खेळाडूंनी दोन रांगांत उभे राहून त्यांना मानवंदना दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणींत हा न्हाव्याचा प्रसंग हमखास सांगितला जातो.

रोहित शर्माने ‘वीरू’कडे काय तक्रार केली?

ताजे उदाहरण १७ जानेवारी २०२४ चे. बंगळूरुत भारत-अफगाणिस्तान तिसरा टी-ट्वेंटी सामना होता. नागपुरात जन्मलेला आणि बोरिवलीत वाढलेला कर्णधार रोहित शर्मा आधीच्या दोन्ही सामन्यांत शून्यावर बाद झाला होता. या सामन्यात त्याच्या बॅटला लागून गेलेला चेंडू सीमापार गेला, पण पंच वीरेंदर शर्मा यांनी त्या धावा लेग-बाय ठरवल्या. धावफलकावर आपल्या नावापुढे शून्यच पाहून रोहितने पंचांना ‘वीरू’ अशी हाक मारली. पहिला चेंडू थाय पॅडला लागला असे दिले का, एवढी मोठी बॅट लागली आहे, आधीच दोन शून्ये झाली आहेत, अशा आशयाची त्याची हिंदीतील तक्रार स्टंप माइकने टिपली. काही तासांत ती घराघरांत पोहोचली.

इथे तक्रार होती, पण रोख स्वतःच्या दोन शून्यांवर होता. पंच चुकले असे सुचवतानाही हसू रोहितलाच झेलायचे होते. पुढे त्याने ६९ चेंडूंत नाबाद १२१ धावा केल्या आणि दोन सुपर ओव्हरनंतर भारताने सामना जिंकला.

सचिन तेंडुलकरने हिशेब कसा चुकता केला?

वीसेक वर्षे थांबून. डिसेंबर २००३ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत जेसन गिलेस्पीच्या चेंडूवर पंच स्टीव्ह बकनर यांनी सचिनला शून्यावर पायचीत दिले. चेंडू यष्ट्यांवरून जात असल्याचे रिप्लेत दिसत होते. २००५ मध्ये कोलकात्यात पाकिस्तानविरुद्ध बकनर यांनी त्याला यष्टिरक्षकाकडे झेलबाद ठरवले, तेव्हाही वाद झाला. या दोन्ही निर्णयांत आपली चूक झाल्याचे बकनर यांनी २०२० मध्ये मान्य केले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सचिनने समाजमाध्यमावर एक छायाचित्र टाकले. तीन उंच झाडांपुढे तो फलंदाजीच्या पवित्र्यात उभा आहे. कोणत्या पंचांमुळे यष्ट्या एवढ्या मोठ्या वाटत, असा प्रश्न त्याने चाहत्यांना विचारला. नाव लिहिले नव्हते, तरी प्रतिक्रियांत बकनर यांचेच नाव आले. मैदानावर मात्र त्या दोन्ही वेळी सचिन निर्णय स्वीकारून तंबूत परतला होता.

पंचही थट्टा करतात का?

करतात. इंग्लंडचे पंच डेव्हिड शेफर्ड धावसंख्या १११ झाली की एका पायावर उड्या मारत. हा आकडा अशुभ आणि त्यावर उतारा म्हणून पाय जमिनीवरून उचलायचा, अशी तिकडची समजूत. फेब्रुवारी २००५ मध्ये ऑकलंडला पुरुषांचा पहिला आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना झाला. त्यात ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅकग्राने १९८१ च्या कुप्रसिद्ध सरपटी चेंडूची नक्कल केली. त्यावर पंच बिली बावडेन यांनी खिशातून फुटबॉलसारखे लाल कार्ड काढून दाखवले. क्रिकेटमध्ये असे कार्ड नसल्यामुळेच त्यावर सगळे हसले. कबड्डीत मात्र हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड खरोखर असते. तिथे पंचांनी कार्ड काढले की हसू थांबते.

बेसबॉलमध्ये वाद घालणे हा खेळाचाच भाग का मानतात?

अमेरिकेत संघाचा व्यवस्थापक मैदानात धावत येऊन पंचांशी भांडतो आणि प्रेक्षक त्याला दाद देतात. बाल्टिमोर ओरिओल्सचे अर्ल वीव्हर यांची तऱ्हा प्रसिद्ध होती. पंचांना स्पर्श झाला तर कारवाई होणार, म्हणून ते टोपी उलटी फिरवत. टोपीची झापड मागे गेली की नाकाला नाक लावून भांडता येई. पंच रॉन लुसियानो हेही कमी नव्हते. धावणाऱ्या खेळाडूला बाद देताना ते बोटांची बंदूक करून ‘गोळ्या’ झाडत. ऑगस्ट १९७५ मध्ये एकाच दिवशी दोन सामने होते. लुसियानो यांनी वीव्हर यांना दोन्ही सामन्यांतून बाहेर काढले, दुसऱ्यातून तर खेळ सुरू होण्यापूर्वीच.

थट्टेला दंड कधी होतो?

क्रिकेटमध्ये २०१७ पासून ४२वा नियम खेळाडूंच्या वर्तनासाठी आहे. त्याचे चार स्तर आहेत. पंचांच्या निर्णयावर शब्दाने किंवा कृतीने नाराजी दाखवणे, अपमानकारक भाषा, अतिरेकी अपील हे पहिल्या स्तरात मोडते. त्यासाठी आधी पहिली आणि शेवटची ताकीद दिली जाते. ती पूर्ण संघाला लागू होते. त्यानंतर त्याच संघातील कुणीही पुन्हा तसे केले तर प्रतिस्पर्ध्याला ५ धावा मिळतात. दुसऱ्या स्तरात ताकीद न देता थेट ५ धावा, तिसऱ्यात त्याशिवाय काही षटकांसाठी मैदानाबाहेर आणि चौथ्यात उरलेल्या सामन्यातून हकालपट्टी. वर्तनाची जबाबदारी कर्णधारावर असते.

आंतरराष्ट्रीय सामन्यांत आर्थिक दंड आणि अवगुणही आहेत. २४ महिन्यांत ४ अवगुण झाले की बंदी येते. जुलै २०२३ मध्ये मीरपूरला बांगलादेशविरुद्ध बाद दिल्यावर हरमनप्रीत कौरने यष्ट्यांवर बॅट मारली आणि बक्षीस समारंभात पंचांवर जाहीर टीका केली. करंडकासोबतच्या छायाचित्रासाठी पंचांनाही बोलवा, असा टोमणाही तिने मारल्याचे वृत्त होते. तिचे ७५ टक्के मानधन कापले गेले आणि दोन सामन्यांची बंदी आली. रोहितही नाराज होता आणि हरमनप्रीतही. रोहितने हसू स्वतःवर घेतले, हरमनप्रीतच्या टोमण्यात पंचांच्या प्रामाणिकपणावर शंका होती.

यंत्र आल्यावर गंमत संपेल का?

काही प्रमाणात. क्रिकेटमध्ये २००८ च्या भारत-श्रीलंका मालिकेत निर्णय पुनरावलोकनाचा (डीआरएस) प्रयोग झाला. आता वादाऐवजी १५ सेकंदांत हातांनी ‘टी’ची खूण करावी लागते. बेसबॉलच्या मेजर लीगनेही २०२६ पासून चेंडूच्या निर्णयाला कॅमेरा प्रणालीद्वारे आव्हान देण्याची सोय स्वीकारली. प्रत्येक संघाला दोन संधी असतात. फलंदाज, चेंडूफेक करणारा किंवा झेलणारा यांनीच टोपीवर टिचकी मारून लगेच दाद मागायची. भांडणाऱ्या व्यवस्थापकाला तो अधिकार नाही.

आष्टीच्या मैदानाला याचा काय उपयोग?

गावच्या मैदानावर कॅमेरा नाही. तिथे पंचांचे डोळे आणि खिशातील खडे हेच तंत्रज्ञान. बीडचा सचिन धस फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा करून गेला. तेव्हापासून जिल्ह्यातील मुलांना पुढची वाट दिसू लागली आहे. त्या वाटेवर संघटनेच्या सामन्यांत लेखी नियम आणि अहवाल लिहिणारे पंच भेटतात. गावात खपून गेलेले वाक्य तिथे संघाला ५ धावांना पडू शकते.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना तीन साध्या गोष्टी करता येतील. पंच दोन्ही संघांबाहेरचा असावा. निर्णयाबद्दल त्याच्याशी फक्त कर्णधाराने बोलावे. आणि ताकीद संपूर्ण संघाला आहे, हे नाणेफेकीच्या वेळीच सांगावे. ‘चष्मा लावा’ म्हणायला मग हरकत नाही. फक्त सामना संपल्यावर त्याच पंचांबरोबर टपरीवर चहा घेता आला पाहिजे.