धूर नव्हे, वाफही नव्हे

दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेच्या हिवाळी छायाचित्रांत इंजिनावर जो पांढराशुभ्र लोट दिसतो, त्याला आपण सर्रास धूर म्हणतो. जाणकार त्याला वाफ म्हणतात. काटेकोर पाहिले तर तेही चूक, कारण खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. धुराड्यातून बाहेर पडताच गार हवेत तिचे सूक्ष्म थेंब बनतात, ते आपल्याला दिसतात. कोरड्या, उबदार हवेत हे थेंब पाहता पाहता विरतात. थंड हवेत बाष्प फारसे मावत नाही, म्हणून लोट रेंगाळतो. छायाचित्रकार कडाक्याच्या थंडीत कुडकुडत उभे राहतात ते यासाठी. शिवाय या दिवसांत आकाश निवळलेले असते आणि मागे कांचनजंगा दिसण्याची आशा असते.

पण थंडी असली म्हणजे लोट मिळतोच असे नाही. इंजिनाला कष्ट पडावे लागतात. घूम स्थानक २२५८ मीटर उंचीवर आहे आणि दार्जिलिंग त्याहून सुमारे १८० मीटर खाली. त्यामुळे दार्जिलिंगहून निघालेली गाडी बतासियाचे वळण धापा टाकत चढते. परतताना उतार, सिलिंडरात वाफ जवळजवळ सोडावी लागत नाही आणि धुराडे गप्प. परतीच्या गाडीसाठी थांबणारा नवखा हमखास फसतो.

गाडी सुटतानाचे दृश्य वेगळेच. गार सिलिंडरात वाफेचे पाणी होते. पाणी दाबले जात नाही, त्याने सिलिंडर फुटू शकतो. म्हणून ड्रायव्हर खालच्या तोट्या उघडतो आणि दोन्ही बाजूंनी पांढरे फवारे सुटतात. चित्रातली ही शोभा म्हणजे निव्वळ खबरदारी.

काळा धूर मात्र खरोखरच धूर. कोळसा अर्धवट जळल्याची ती खूण. चांगल्या फायरमनला तो नको असतो, तो कोळसा वाया जाऊ देत नाही. पण खास भाड्याने घेतलेल्या गाड्यांवर हौशी मंडळी नेमका तोच मागतात. इथले रूळ घरादुकानांना खेटून जातात. काजळी कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारच.

मला विचाराल तर लोट थोडा कमी असलेलेच चित्र बरे. १८८९पासून बनत आलेल्या या ‘बी’ वर्गाच्या इंजिनांवर पुढे बसून ओल्या रुळांवर वाळू टाकणारा माणूस असतो. लोट फार झाला की पहिल्यांदा तोच दिसेनासा होतो.