पदरमोड करून मिळवायचा न्याय

‘राज्य विरुद्ध अमुकतमुक’ हे खटल्याचं नाव इतकं अंगवळणी पडलं आहे, की फौजदारी खटला पहिल्यापासून सरकारच चालवत आलं असेल आणि ज्याचं नुकसान झालं तो केवळ साक्षीपुरता उरत असेल, असंच वाटतं. पण आपला फौजदारी कायदा ज्या इंग्लंडच्या वळणावर घडला, तिथे अठराव्या शतकात चित्र उलटं होतं.

घरात चोरी झाली, तर चोर शोधायचा घरमालकाने. वॉरंट काढायचं, साक्षीदार जमवायचे, आरोपपत्र लिहिणाऱ्या कारकुनाचे पैसे भरायचे, तेही त्यानेच. मॅजिस्ट्रेट त्याच्याकडूनच मुचलका लिहून घेई. खटल्याला हजर राहिला नाही, तर रक्कम जप्त! गरीब फिर्यादीला खर्च देण्याची मुभा न्यायालयांना 1752 मध्ये मिळाली, तीही आरोपी दोषी ठरला तरच.

म्हणजे तेव्हा पीडिताच्या हाती खरी सत्ता होती? असं म्हणणाऱ्यांनी जोनाथन वाइल्डची कथा आठवावी. हा लंडनचा नावाजलेला ‘चोर पकडणारा’. चोरीचा माल मालकाला शोधून देऊन तो बक्षीस घेई. चोरांची टोळीही त्याचीच. 1725 मध्ये तो फासावर गेला. खिसा रिकामा असलेल्या फिर्यादीला तर असला मदतनीसही परवडत नसे.

खुनाच्या बाबतीत मृताच्या वारसाकडे आणखी एक हत्यार होतं. आरोपी ज्युरीने सोडला, तरी वारस स्वतःच्या नावाने त्याला पुन्हा न्यायालयात खेचू शके, आणि त्यात दोषी ठरलेल्याला राजाही माफी देऊ शकत नसे. मेरी अ‍ॅशफर्डच्या मृत्यूप्रकरणी 1817 मध्ये अब्राहम थॉर्नटन निर्दोष सुटला, तेव्हा तिच्या भावाने हीच वाट धरली. थॉर्नटनने भर न्यायालयात एक हातमोजा चढवला, दुसरा जमिनीवर फेकला आणि द्वंद्वयुद्धाचा जुना हक्क मागितला. हक्क अजून कायद्यात आहे, असं 1818 मध्ये न्यायाधीशांनाही मान्य करावं लागलं. थॉर्नटन धिप्पाड, भाऊ किरकोळ अंगाचा. भावाने माघार घेतली, आरोपी सुटला. पुढच्याच वर्षी संसदेने हा सगळा प्रकार मोडीत काढला.

सरकारने जबाबदारी उचलली तीही टप्प्याटप्प्याने. लंडनला महानगर पोलीस 1829 मध्ये मिळाले आणि खटल्यांचं काम हळूहळू त्यांच्याकडे गेलं. देशभरासाठी स्वतंत्र सरकारी अभियोग सेवा सुरू झाली थेट 1986 मध्ये!

आपल्याकडची जुनी रीत निराळी होती. पेशवाईतल्या मुलखाविषयी ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 मध्ये लिहिलेल्या अहवालात गावच्या जागल्यांचं वर्णन आहे. चोराचा माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत पोचवता आला नाही, तर नुकसानीची जबाबदारी जागल्यावर येई.

आजच्या भारतात पीडिताला काहीच अधिकार नाही, हाही गैरसमजच. आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्याखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर 2009 च्या अखेरीपासून पीडित स्वतः अपील करू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार त्याला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय न्यायालय खटला मागे घेऊ देत नाही. शिक्षा कमी झाली म्हणून अपील करण्याचा अधिकार मात्र अजून सरकारकडेच आहे.