बेथलेहेममध्ये अर्धा दिवस

जेरुसलेमहून निघालेली बस दहा-एक किलोमीटर जाते आणि थांबते. शेजारी काँक्रीटची आठ मीटर उंच भिंत. सकाळपासून सोबत असलेला इस्रायली गाईड माइक जागेवर ठेवतो, सगळ्यांना हात करून उतरतो. पुढे पॅलेस्टिनी प्रशासनाचा भाग. इस्रायली नागरिकांना तिथं जायला त्यांच्याच कायद्यानं मनाई आहे. रस्त्याकडेचा लाल फलक हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत तेच बजावतो. भिंतीपलीकडे बेथलेहेमचा गाईड चढतो. साठीचा, गळ्यात लहानसा लाकडी क्रूस. "अहलन व सहलन," म्हणत तो स्वागत करतो, घड्याळाकडे बघतो आणि सांगतो, "आपल्या हातात चार तास आहेत."

ऑक्टोबर 2022 आहे. करोनात ओस पडलेलं गाव पुन्हा माणसांनी भरलंय. आमच्या बसमध्ये बहुतेक मंडळी वसईची. पुढच्या सीटवर फादर, त्यांच्यामागे सत्तरी ओलांडलेल्या एक बाई, ज्यांना सगळी बस मावशी म्हणते. त्यांच्या बोटांमधून रोझरीचे मणी सकाळपासून सरकत आहेत.

पहिला थांबा बेत साहूरचा, नाताळच्या कथेतल्या मेंढपाळांच्या कुरणाचा. कुरण आता नावालाच; चहूकडे घरं उठली आहेत. अंतोनिओ बार्लुझ्झी या इटालियन वास्तुकारानं 1950च्या दशकात बांधलेलं चॅपल तंबूच्या आकाराचं आहे आणि घुमटातल्या छोट्या काचांमधून उजेड खाली झिरपतो. फादर नाताळचं एक गीत सुरू करतात, आवाज घुमटाला लागून भरून परत येतो. बाहेरच्या उतारावर एक कुटुंब झाडाखाली कापड अंथरून ऑलिव्ह उतरवतंय. आजी खाली बसून पानं निवडतेय. हंगाम सुरू झालाय. मला तिथं थांबायचंय, पण गाईड टाळ्या वाजवतो आणि आम्ही बसमध्ये.

मेंजर चौक. एका बाजूला 1860 सालची उमरची मशीद, समोर चर्च ऑफ द नेटिव्हिटी. या चर्चचा दर्शनी भाग भव्य नाही. किल्ल्यासारखी दगडी भिंत आणि तिच्यात जेमतेम चार फूट उंचीचं दार. घोडे आणि गाड्या आत घुसू नयेत म्हणून मूळचा मोठा दरवाजा टप्प्याटप्प्यानं चिणत आणला. मोठ्या कमानीची रेघ अजून भिंतीत दिसते. आत जायचं तर प्रत्येकाला वाकावं लागतं. मावशींचे गुडघे दुखतात. पुढचा एक अनोळखी आफ्रिकन तरुण वळून त्यांच्या डोक्यावर हात धरतो, चौकटीचा दगड लागू नये म्हणून.

आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते. तांबूस दगडाचे खांब चार रांगांत उभे आहेत, वर लाकडी छत. कॉन्स्टंटाइनच्या काळातलं पहिलं चर्च चौथ्या शतकातलं. ते जळल्यावर सहाव्या शतकात जस्टिनियनच्या काळात आज उभं आहे ते बांधलं गेलं. जमिनीत एके ठिकाणी लाकडी झडपा उघड्या ठेवल्यात, त्यांच्याखाली जुन्या चर्चची मोझेकची फरशी दिसते.

गाईड आम्हाला भिंतीकडे वळवतो. बाराव्या शतकातले सोनेरी मोझेकचे देवदूत येशूच्या जन्मगुहेच्या दिशेनं निघालेत. 2013 साली इथं दुरुस्ती सुरू झाली तेव्हा शतकांची काजळी होती आणि छतातून पाणी गळत होतं. इटालियन सुतारांनी तुळयांचा कुजलेला भाग तेवढाच कापून तिथं नवं लाकूड सांधलं, जुनं टिकाऊ ते ठेवलं. अशीच मोठी दुरुस्ती पंधराव्या शतकातही झाली होती. तेव्हा छतासाठी शिसं इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डनं पाठवलं होतं. भिंती साफ करताना गिलाव्याखाली लपलेला सातवा देवदूतही सापडला. "आणि हे बघा," गाईड एका देवदूताच्या पायाशी बोट दाखवतो. तिथं कारागिराचं नाव आहे, बासिलियुस, लॅटिनमध्ये आणि सिरियाकमध्ये. राजांची नावं इथं पुष्कळ आहेत. पण ज्यानं एकेक काचेचा तुकडा चुन्यात बसवला, त्याचंही नाव साडेआठशे वर्षं टिकलंय याचा मला मनापासून आनंद होतो.

गुहेच्या रांगेत तास-दीड तास जातो. रशियन, नायजेरियन, फिलिपिनो, तमिळ. सगळे एकमेकांना धरून पुढे सरकतात. या वास्तूचे तीन धनी आहेत: ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन आणि कॅथलिकांचे फ्रान्सिस्कन. कोणी कुठला कोपरा झाडायचा, कोणाचा दिवा कुठं, हेही जुन्या ऑटोमन फर्मानांनी आणि रिवाजानं ठरलेलं. 2011 साली नाताळची झाडलोट चालू असताना ग्रीक आणि आर्मेनियन साधू झाडूंनी भांडले होते. गाईड ते सांगताना आवाज खाली आणतो. त्याच्या चेहऱ्यावर लाज आहे.

गुळगुळीत झालेल्या अरुंद पायऱ्या उतरून आम्ही खाली येतो. तेलाचा, मेणाचा, माणसांच्या घामाचा वास. संगमरवरात बसवलेला चौदा टोकांचा चांदीचा तारा, त्याच्याभोवती पंधरा दिवे: सहा ग्रीकांचे, पाच आर्मेनियनांचे, चार कॅथलिकांचे. जुना तारा 1847 साली चोरीला गेला आणि त्यावरून पेटलेला वाद क्रिमियाच्या युद्धाच्या कारणांपैकी एक ठरला. मावशी गुडघ्यांचं दुखणं विसरून सरळ जमिनीवर बसतात, ताऱ्याच्या मधल्या पोकळीत तळहात ठेवतात, मग रोझरी टेकवतात. पहारेकरी "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करतोय. समोर दोन-तीन पायऱ्या खाली गव्हाणीची जागा. तिथं दाटीवाटीनं उभं राहून आमची मंडळी प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणतात. मिनिटभरच, कारण मागे कोरियन लोक उभे आहेत.

दुधाची गुहा जवळच आहे. पांढरा, हातानं खरवडेल असा मऊ खडक. मरियेच्या दुधाचा थेंब सांडून तो पांढरा झाला, अशी श्रद्धा. मूल व्हावं म्हणून ख्रिस्ती आणि मुसलमान बायका इथं येतात, आणि ज्यांना झालं त्यांनी पाठवलेले बाळांचे फोटो ठेवलेत. मावशी भाचीसाठी त्या खडकाच्या भुकटीची पुडी घेतात आणि रुमालात बांधतात.

आता ऑलिव्हच्या लाकडी मूर्तींच्या कारखान्यासाठी उरली आहेत पंचवीस मिनिटं.

बहुतेक बस मोठ्या, वातानुकूलित दुकानांपुढे थांबतात. आमचा गाईड बस तिथंच ठेवून आम्हाला एका गल्लीत चढवतो. तळमजल्यावरची एकच खोली. दारातच वास येतो, तेलकट आणि किंचित गोड. सगळीकडे पिवळा भुसा. ऑलिव्हचं झाड सहसा कापत नाहीत. छाटणीतल्या फांद्या आणून महिनोन्महिने वाळवतात, नाहीतर लाकूड तडकतं. करवतयंत्रावर ठोकळे पडतात. पुढचं यंत्र नक्कल काढणारं: एक सुई नमुन्याच्या मूर्तीवरून फिरते आणि तिच्याबरोबर शेजारच्या फिरत्या पात्या अनेक ठोकळ्यांवर तोच आकार कोरतात. योसेफ, मेंढ्या, उंट, तिघे ज्ञानी पुरुष असे रांगेनं बाहेर पडतात, पण सगळे बिनचेहऱ्याचे.

चेहरा हातानं होतो. ते काम म्हातारे मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, करतात. मरियेची बोटभर मूर्ती डाव्या मुठीत, उजव्या हातात बारीक पटाशी. दोन टोचे, डोळा. एक तिरपी खाच, नाक. मूर्ती किंचित फिरवून लाकडातली काळपट रेघ ते तिच्या ओढणीच्या कडेवर येईल अशी बघतात. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी आंब्यावर शेवटचा लाल हात देणारा चितारी असाच श्वास रोखून बसतो. शेजारी त्यांचा मुलगा पॉलिशपेपर मारतोय. कोपऱ्यात शिंपल्याचं काम. फ्रान्सिस्कन साधूंनी काही शतकांपूर्वी या गावात हे शिंपलेकाम वाढवलं. त्यांच्यातल्याच बेर्नार्दिनो आमिको यांनी पवित्र स्थळांची मोजमापं घेऊन नकाशे काढले आणि त्यांवरून इथल्या कारागिरांनी लाकूड-शिंपल्याच्या प्रतिकृती घडवल्या. त्या युरोपभर गेल्या.

"बाबा, किती वर्षं झाली?" मावशी मराठीत विचारतात. मुअल्लिमना ते कसं कळतं देव जाणे. ते हात कमरेएवढा खाली धरून दाखवतात. एवढा होतो तेव्हापासून. त्यांचे दोन भाऊ चिलीला गेले, मुलगा सांगतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे बहुसंख्य ख्रिस्ती गाव होतं, आज ख्रिस्ती इथं अल्पसंख्य आहेत. गाव सोडून जाणाऱ्याबरोबर पटाशी धरायची सवयही जाते.

मावशी घरच्या नाताळच्या गोठ्यासाठी मरिया, योसेफ आणि बाळ निवडतात. किंमत कमी करायला सांगत नाहीत. त्यांना अजून बघायचंय, कोरीव मूर्तीला मेण कसं चढतं ते. पण बसचा भोंगा दोनदा वाजतो. दुपारचं जेवण जेरुसलेममध्ये ठरलेलं आहे, मुक्कामही तिकडचाच.

ही व्यवस्था मला पटत नाही. जन्मस्थळाला तास-दीड तासाची रांग आणि ज्या हातांनी ते स्थळ जगभरच्या घरांत पोचवलं त्यांना पंचवीस मिनिटं, हा यात्रेचा हिशेब चुकीचा आहे. बेथलेहेमची कमाई बाहेरून येणाऱ्यांवर चालते. लोक दुपारी निघून गेले की ती कमाईही जाते. ऑक्टोबर 2023 मध्ये गाझाचं युद्ध सुरू झालं आणि बस यायच्याच थांबल्या. 2023 आणि 2024च्या नाताळात मेंजर चौकात झाड उभारलं गेलं नाही; ते 2025 साली पुन्हा उभं राहिलं. जायचा योग आला, तर यात्रा कंपनीला आधीच विचारा: बेथलेहेमला मुक्काम आहे का? नसेल तर मागून घ्या. एक रात्र तिथं राहा, सकाळी गल्लीतल्या कारखान्यात जा आणि मूर्ती घडवणाऱ्याच्या हातून घ्या.