सीताबर्डीच्या शिपायाने काय मागितले?

सीताबर्डीची लढाई नागपूरकराला शाळेपासून पाठ असते. अप्पासाहेब भोसले, ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट जेन्किन्स, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. राजा कोण, सेनापती कोण, जिंकले कोण, सगळे ठाऊक. त्या टेकडीवर गोळ्या झेलणारा शिपाई तिथे का उभा होता, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

अमेरिकेच्या यादवी युद्धाबाबत जेम्स मॅक्फर्सन या इतिहासकाराने हाच प्रश्न धरला. शिपायांची २५ हजारांहून अधिक पत्रे चाळून त्याने १९९७ साली पुस्तक लिहिले. ध्येयाबरोबरच शेजारच्या सोबत्याची चाडही माणसाला रणात टिकवते, हा त्याचा निष्कर्ष. नागपूरच्या शिपायाच्या पदरी लिहिणेवाचणे कुठले? पण लढाईनंतर त्याने काय मागितले, याची नोंद आहे. कुणी कशासाठी लढला, हे त्या मागणीतून पुरेसे कळते.

पार्श्वभूमी थोडक्यात. मार्च १८१६ मध्ये नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले वारले, अप्पासाहेबांनी मे महिन्यात कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला, फेब्रुवारी १८१७ मध्ये रघुजींचे वारस परसोजी यांचा खून झाला आणि गादी अप्पासाहेबांकडे आली. दरबारात दोन तट होतेच. नोव्हेंबरात, कंपनीशी युद्ध पुकारलेल्या पेशव्यांकडून सेनासाहेबसुभा या पदाची वस्त्रे आली आणि तोफा सुरू झाल्या. लढणारे दोन्हीकडचे बहुतेक हिंदुस्थानातलेच, फक्त पगार देणारे वेगळे.

कंपनीकडे दीड हजाराच्या आतबाहेर माणसे, त्यात मद्रासच्या दोन पलटणी: विसावी आणि चोविसावी. चोविसावीची कथा ऐकण्यासारखी आहे. ही पलटण मुळात मद्रास फौजेतली पहिली. जुलै १८०६ मध्ये वेल्लोरच्या किल्ल्यात शिपाई उठले. नव्या पगडीचा आणि गंधटिळ्यावरच्या बंदीचा राग हे त्याचे मोठे कारण. बंड मोडले आणि शिक्षा म्हणून पहिल्या पलटणीचा आकडाच पुसला गेला. पुढे ती चोविसावी म्हणून नव्याने उभी राहिली. अकरा वर्षांनी सीताबर्डीवर तीच पलटण मार खात उभी होती. लहान टेकडी अरबांनी घेतली, पायथ्याच्या वस्तीत शिपायांची बायकापोरे अडकली. इतक्यात कॅप्टन फिट्झजेराल्डच्या बंगाली रिसाल्याने भोसल्यांच्या घोडदळावर चाल केली, लहान टेकडीवर दारूचा स्फोट झाला आणि पायदळाने संगिनी लावून ती टेकडी परत घेतली.

जिंकल्यावर या शिपायांनी मागितले काय? आपला जुना आकडा! पहिली पलटण हे नाव परत द्या, म्हणाले, आणि सरकारने ते दिले. महिना सात रुपयांच्या नोकरीसाठी भरती झालेला माणूस पलटणीच्या अब्रूसाठी अर्ज करतो, ही गोष्ट पगाराच्या हिशेबात बसत नाही. कंपनीचा मोठा डाव पगार तारखेला देण्यात होता, हे खरेच. पण तेवढ्यावर सगळे उलगडत नाही.

आता अरब. या लढाईतले सगळ्यात रंगतदार पात्र तेच. हद्रमौतसारख्या कोरड्या मुलखातून ते जहाजाने येत. हैदराबाद, बडोदे, नागपूर, जिथे चाकरी मिळेल तिथे राहत. हाती तोड्याची बंदूक, कमरेला जंबिया. अरब शिपाई राजाला कमी आणि आपल्या जमादाराला जास्त ओळखे. पगार ठरवणार जमादार, तुंबला तर दरबाराच्या दारात धरणे धरणार जमादार. बडोद्यात तर गायकवाडांच्या कर्जांना अरब जमादारांचीच हमी असे.

१६ डिसेंबरला अप्पासाहेब कंपनीच्या छावणीत दाखल झाले. धनीच शत्रूच्या तंबूत गेला म्हणजे युद्ध संपायला हवे होते. पण त्याच दिवशी त्यांची फौज पुन्हा लढली, हरली, आणि अरब शहरात शिरून महाल भागातल्या वाड्यांत ठाण मांडून बसले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला केला. तो अरबांनी परतवला. राजा नाही, हुकूम नाही, तरी लढाई चालूच. शेवटी ३० डिसेंबरला ते बाहेर पडले ते आपल्या अटींवर: बायकामुले, सामानसुमान, खासगी हत्यारे बरोबर, पन्नास हजार रुपये बक्षीस आणि मलकापूरपर्यंत इंग्रज अधिकाऱ्याची सोबत. अशा सौद्याला भाडोत्रीपणा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे पाहावे, की परमुलखात, तुंबलेल्या पगारानिशी, बायकापोरांसह अडकलेल्या माणसाकडे दुसरे चलन कोणते होते?

आणखी एक गंमत. मे १८१८ मध्ये अप्पासाहेबांना कैद करून नेले जात असताना पहाऱ्यावरचेच काही कंपनीचे शिपाई फितले. शिपायाचा पोशाख चढवून अप्पासाहेब जबलपूरच्या वाटेवरून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंड सरदारांच्या आश्रयाला गेले. या फितुरीतही पैसा होता. पण कैदेतल्या राजासाठी नोकरी, पेन्शन आणि मान पणाला लावणे नुसत्या पैशासाठी होत नाही, असे मानायला जागा आहे.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे असल्याने सामान्यांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट एवढेच दिवस उघडतो. अरबांनी राखलेला जुम्मा दरवाजा मात्र गांधी गेट या नावाने महालात रोजच उभा आहे. तो आधी पाहावा.