वीसचा आकडा आणि दोन मराठी आडनावं

संविधान सभेच्या कामकाजाचे खंड वाचायचा मला जुना नाद आहे. हाताशी बरी कादंबरी नसली की त्यातला कुठलाही खंड कुठूनही उघडावा. माणसं भांडतात, रुसतात, एकमेकांना टोमणे मारतात आणि मधल्यामध्ये देशही घडवतात. त्यातही नवव्या खंडाचा शेवटचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो. १२ ते १४ सप्टेंबर १९४९, म्हणजे राजभाषेवरच्या वादाचे तीन दिवस. हा वाद आपण उत्तर विरुद्ध दक्षिण असाच सांगत आलो आहोत. एकीकडे टंडन आणि सेठ गोविंददास, दुसरीकडे कृष्णम्माचारी आणि मंडळी, आणि मराठी माणूस मध्ये उभा राहून बघतो आहे. खंड वाचला की हे चित्र टिकत नाही. त्या भांडणातली दोन टोकं दोन मराठी आडनावांनी धरली होती. एक धुळेकर आणि दुसरे देव.

रघुनाथ विनायक धुळेकर झाशीचे. लक्ष्मीबाईच्याही आधीपासून तिथे रुजलेल्या मराठी वस्तीतलं हे नाव. पेशा वकिलीचा, हयात काँग्रेसमध्ये गेलेली, संविधान सभेत संयुक्त प्रांताचे सदस्य. १० डिसेंबर १९४६ हा सभेचा जेमतेम दुसरा दिवस. कामकाजाचे नियम करणाऱ्या समितीची चर्चा चालली होती आणि धुळेकर हिंदुस्तानीत बोलायला उठले. समितीने नियम इंग्रजीत न करता हिंदुस्तानीत करावेत, एवढीच त्यांची दुरुस्ती. हंगामी अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हांनी सुचवलं की पुष्कळ सदस्यांना ही भाषा कळत नाही. त्यावर धुळेकरांनी सुनावलं की ज्यांना हिंदुस्तानी येत नाही त्यांना या देशात राहण्याचा हक्क नाही, आणि जे घटना बनवायला आलेत पण हिंदुस्तानी जाणत नाहीत ते सदस्य व्हायच्या लायकीचे नाहीत, त्यांनी निघून जावं. सभागृहात गोंधळ माजला. ही काही झाशीतली जाहीर सभा नव्हे, अशी समज शेवटी नेहरूंना द्यावी लागली, असं सांगतात.

तीन वर्षांनी, सप्टेंबर १९४९ मध्ये, धुळेकरांचा आवाज उतरलेला नव्हता. हिंदी ही संघराज्याच्या कारभाराची भाषा, इथवर बहुतेकांचं एकमत होत आलं होतं. मुन्शी आणि अय्यंगार यांचा मसुदा त्याच बेताचा होता. धुळेकरांना तेवढं पुरत नव्हतं. हिंदी ही राष्ट्राची भाषा आहे, ज्यांना हे मान्य नसेल त्यांचं राष्ट्र वेगळं असेल, हा त्यांच्या भाषणाचा सूर.

आता देव. शंकरराव देव हे नाव आज विचारलं तर पुण्यातही दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. मुळशी सत्याग्रहात सेनापती बापटांच्या बरोबरीने तुरुंगात गेलेले, पक्के गांधीवादी, त्या वेळी काँग्रेसचे सरचिटणीस. म्हणजे हिंदीचा द्वेष करणारा माणूस नव्हे, राष्ट्रभाषा प्रचाराच्या वातावरणातच वाढलेला. असा माणूस वादाच्या अखेरच्या दिवशी उठला आणि त्याने सरळ रेघ ओढली. संघराज्याचा कारभार हिंदीत चालू द्या, माझी हरकत नाही. पण एकच भाषा राष्ट्राची, असं म्हणाल तर माझा विरोध आहे. मी भारतीय आहे, पण माझी भाषा विचाराल तर मी मराठी हेच उत्तर देणार. मग त्यांनी संस्कृती या शब्दालाच हात घातला. एका संस्कृतीची हाक रा. स्व. संघाचे प्रमुख देतात, काही काँग्रेसवालेही देतात, पण संस्कृती म्हणजे नेमकं काय हे कुणी सांगत नाही. आज तिचा जो अर्थ लावला जातो तो थोड्यांनी पुष्कळांवर गाजवलेल्या वर्चस्वाचाच आहे. स्वतःच्या पक्षाच्या बाकांकडे बघत सरचिटणीसाने हे बोलणं सोपं नव्हतं.

मला या दोघांचं भांडण आवडतं, कारण मराठी माणसाच्या मनातलंच भांडण ते उघड्यावर मांडतं. हिंदीची उभारणी मराठी माणसांनी किती केली याची यादी काढायला बसलं तर पान पुरायचं नाही. केशव वामन पेठे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हिंदी ही राष्ट्रभाषा व्हावी म्हणून पुस्तिका लिहितात. टिळक १९०५ मध्ये काशीला नागरी प्रचारिणी सभेत देशाला एका लिपीची गरज सांगतात. माधवराव सप्रे १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढतात. बाबूराव विष्णू पराडकर काशीच्या ‘आज’चे संपादक होऊन हिंदी पत्रकारितेला वळण लावतात. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर गांधीजींच्या शब्दाखातर आयुष्य राष्ट्रभाषेला देतात. १९३६ मध्ये वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समिती उभी राहते आणि प्रवेश, परिचय, कोविद अशा परीक्षांना मराठी मुलं-मुली हौसेने बसतात. हिंदी की हिंदुस्तानी यावरून गांधी आणि टंडन यांचं बिनसलं, १९४५ मध्ये गांधीजींनी हिंदी साहित्य संमेलन सोडलं, तरी ही परीक्षांची हौस ओसरली नाही. १९५५ मध्ये केंद्राने राजभाषा आयोग नेमला तेव्हा अध्यक्ष कोण, तर बाळासाहेब खेर. त्या आयोगाच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडली ती सुनीतिकुमार चटर्जी आणि पी. सुब्बरायन यांनी, एक बंगाली आणि एक तमिळ. मराठी अध्यक्षांची सही मुख्य अहवालाखाली होती.

डॉ. आंबेडकरांनी तर १९५५ मध्ये भाषावार प्रांतांवर लिहिताना आणखी पुढचं पाऊल टाकलं. राज्यांचा कारभारही हिंदीतच चालावा, नाहीतर प्रत्येक भाषेचं वेगळं राष्ट्र व्हायला वेळ लागणार नाही, अशी त्यांची भीती होती. त्याच पुस्तकात ते नोंदवतात की काँग्रेस पक्षाच्या बैठकीत हिंदीच्या प्रश्नावर आधी ७८ विरुद्ध ७८ अशी बरोबरी झाली आणि मग ७८ विरुद्ध ७७ मतांनी हिंदी जिंकली. एका मताची ही गोष्ट पुढे हिंदीचे समर्थक आणि विरोधक दोघांनीही आपापल्या सोयीने वापरली.

देवांच्या वाट्याला काय आलं? ऑगस्ट १९५० मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. पुरुषोत्तमदास टंडन यांना १३०६ मतं, आचार्य कृपलानींना १०९२ आणि शंकरराव देवांना २०२. हिंदीचा सर्वांत कडवा कैवारी जिंकला आणि मधली रेघ ओढणारा तिसरा आला. निवडणूक भाषेवर लढली गेली नव्हती हे खरं, पण पक्षाच्या मनाचा कल कळायला हे आकडे पुरेसे आहेत. संयुक्त महाराष्ट्र परिषदेचं नेतृत्व देवांनी पुष्कळ वर्षं केलं, पण चळवळ तापली तसा त्यांचा समजुतीचा सूर मागे पडत गेला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, त्या सभेचे अध्यक्ष केशवराव जेधे होते. देव सर्वोदयाकडे वळले, १९६३ मध्ये दिल्लीहून पेकिंगला निघालेल्या मैत्रीयात्रेचे पुढारी झाले आणि १९७४ मध्ये गेले.

जेध्यांचं नाव आलं की भोर आलंच. कान्होजी जेध्यांचं कारी गाव भोर तालुक्यातलं, रोहिडखोऱ्याची देशमुखी त्यांची. केशवरावही संविधान सभेत मुंबई प्रांताचे सदस्य होते. आणि ज्या मुलखातून हे घराणं आलं तो मुलूख तेव्हा नुकताच हिंदुस्थानच्या थेट अंमलाखाली आला होता. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. त्यानंतर दीड वर्षातच, १४ सप्टेंबर १९४९ रोजी, दिल्लीत राजभाषेचा निकाल लागला. काल-परवापर्यंत भोरच्या राजांची, पंतसचिवांची प्रजा असलेल्या रोहिडखोऱ्यातल्या आणि हिरडस मावळातल्या माणसाला आपल्या नावाने दिल्लीत कुठली भाषा ठरली याची दादही नसणार. त्याचा संबंध आला तो पुढे, शाळेमार्फत.

मधला इतिहास भराभर ओलांडू. १९६५ मध्ये मद्रास पेटलं, १९६७ मध्ये राजभाषा कायदा दुरुस्त झाला, १९६८ मध्ये त्रिभाषा सूत्र आलं. महाराष्ट्राने ते निमूट पाळलं. पाचवीपासून हिंदी, आठवीपासून हवं तर संस्कृतशी जोडून संयुक्त हिंदी. तक्रार जवळजवळ नाहीच. दारोदारी दोन-दोन भाषणं करून जे साधलं नसतं ते सिनेमाने आणि आकाशवाणीने साधलं. भोरच्या राजवाड्यात चित्रीकरणाच्या गाड्या येतात तेव्हा हिंदी कळत नाही म्हणून कुणी घरात बसत नाही.

मग २०२५ मध्ये एवढं काय बिनसलं? १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमांत पहिली ते पाचवी हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. ओरड झाली, शिक्षणमंत्र्यांनी स्थगितीची भाषा केली. १७ जूनला सुधारित निर्णय आला. त्यात ‘अनिवार्य’ गेलं आणि ‘सर्वसाधारणपणे’ आलं. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गातल्या किमान २० विद्यार्थ्यांनी ती मागायची. भाषा सल्लागार समितीने, मराठी अभ्यास केंद्राच्या दीपक पवारांनी आणि शिक्षकांच्या संघटनांनी विरोध लावून धरला. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले, डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. या सगळ्यात कॅमेरे वरळीकडे लागले होते. आधीच्या सरकारने राष्ट्रीय शिक्षण धोरणावरच्या माशेलकर समितीचा अहवाल स्वीकारला होता की नव्हता, यावर दोन्ही बाजूंनी मनसोक्त चिखलफेक झाली.

माझं लक्ष मात्र त्या वीसच्या आकड्यावर अडकलं. आणि तो आकडा वाचायचा तर मुंबईत वाचून कळत नाही, वेल्ह्यात वाचावा लागतो.

भोरशेजारचं वेल्हे, आता कागदोपत्री राजगड तालुका. २०११ च्या जनगणनेत साऱ्या तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार, म्हणजे पुण्याच्या एखाद्या उपनगराएवढी. ती तोरणा-राजगडाच्या सोंडांवर, कानद खोऱ्यात, पानशेत आणि वरसगावच्या पाण्यामागे विखुरलेली. केळद, पासली, घिसर या बाजूला किंवा भोरच्या हिर्डोशी खोऱ्यात वाड्या-वस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळा बघा. पहिली ते चौथी मिळून पट वीसच्या आत असलेल्या शाळा इथे सर्रास आहेत. पहिलीच्या वर्गात दोन-तीन मुलं असणं कुणाला नवल वाटत नाही. अशा वर्गाने वीस सह्या आणायच्या कुठून? मुंबईतल्या चाळीस मुलांच्या वर्गाला निदान पर्याय मागता आला असता. इथे पर्याय कागदावरच होता. म्हणजे अनिवार्य हा शब्द खोडून जे साधलं असं सांगितलं गेलं ते डोंगरात साधलंच नव्हतं. जिथे शिक्षक मिळणार नाही तिथे ती दुसरी भाषा ऑनलाइन शिकवू, असंही निर्णयात होतं. फोनवर बोलायला रेंज शोधत टेकाड चढणाऱ्या गावांना हे वाचून दाखवावं.

शाळा चालते कशी तेही बघू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे एका गुरुजींकडे किंवा बाईंकडे एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता. पहिलीला अक्षरओळख देताना तिसरीला गणित घालून ठेवायचं. त्यातच पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, मतदार यादीचं काम. दोनांपैकी एक रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेला की उरलेला एकटा. या वेळापत्रकात पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा तास बसवायचा तर तो मराठीच्या किंवा गणिताच्या तासातून कापूनच बसणार, दुसरीकडून येणार नाही.

आणि पहिली भाषा तरी कोणती? भोर, वेल्हे आणि मुळशीच्या डोंगरात कातकरी वाड्या आहेत. केंद्र सरकार महाराष्ट्रातल्या तीन जमातींना विशेष असुरक्षित मानतं, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. कातकरी मूल घरी कातकरी बोलतं. पाठ्यपुस्तकातली मराठी त्याच्यासाठी शाळेत भेटणारी भाषा. म्हणजे शासनाच्या हिशेबात जे मूल तिसरी भाषा शिकणार होतं ते खरं तर चौथी शिकणार होतं, तेही वीटभट्टीच्या हंगामात आई-बापांमागे जाऊन अर्धं वर्ष बुडाल्यावर. हिंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या मुलाचा विचार केला नाही. मराठीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही फारसा केला नाही, हेही म्हटलं पाहिजे. त्याच्या भाषेसाठी वीस सह्यांची अटही कुणी घातली नव्हती, कारण तो पर्याय कुणाच्या डोक्यातच नव्हता.

हिंदीची गरज या तालुक्यांत नाही असं मी म्हणणार नाही. शिरवळच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या पोराला शेजारच्या मशिनवर बिहारचा सोबती भेटतो. महामार्गावर गाडी चालवणारा, कपूरहोळला हॉटेलात राबणारा, सगळे कामापुरती हिंदी बोलतात. पण ही हिंदी ते कामावर शिकले, सिनेमातून शिकले आणि पाचवीपासूनच्या पुस्तकांतून शिकले. सहाव्या वर्षी ती शिकवली नाही म्हणून कुणाची नोकरी गेलेली नाही. पहिलीत मराठी नीट वाचता आली नाही म्हणून पुढे शाळा सुटलेली मुलं मात्र प्रत्येक वाडीत दाखवता येतील.

धुळेकर आणि देव यांच्यातला फरक मला इथे उपयोगी वाटतो. धुळेकरांना भाषेवरून माणूस देशाचा की परका हे ठरवायचं होतं. देवांना कारभाराला एक भाषा हवी होती, पण माणसाच्या घरातल्या भाषेवर त्या भाषेचा हक्क चालू द्यायचा नव्हता. २०२५ च्या दोन्ही निर्णयांनी हीच रेघ ओलांडली. कारभाराची सोय पहिलीच्या वर्गात घुसली. ती मागे घेतली हे बरं झालं. पण ती मागे घेतली मुंबईतल्या विरोधाला भिऊन, केळदच्या शाळेचा पट बघून नव्हे. म्हणून पुढच्या कुठल्याही समितीने भाषेचं सूत्र ठरवण्याआधी ते एकदा दोन शिक्षकांच्या शाळेच्या वेळापत्रकात मांडून बघावं. तिथे बसलं तर ते राज्यात कुठेही बसेल. तिथे बसलं नाही तर वीस काय, दोनशे सह्यांची सवलत दिली तरी ते सूत्र सक्तीचंच राहील.